पितरांची लदेणी

डोंगरसिंग नायकांच्या डोक्यात शक शिरले ते प्रेमच्या मोबाइलमधून, आणि शिरले तेही नेमके दिवाळीच्या तोंडावर. एरवी नायक मोबाइलमधल्या गोष्टींना भीक घालणाऱ्यांतले नव्हते. पण यंदा त्यांचं मन आधीच सैरभैर होतं. चैत्रात त्यांची बायको बिजलीबाई गेली होती, आणि दिवाळीत तिचं नाव पहिल्यांदा पितरांमध्ये घ्यायचं होतं.

ज्या मोहदरी तांड्याचे ते नायक, म्हणजे प्रमुख, तो उमरखेडपासून फार लांब नाही. नाल्याच्या अलीकडे तांडा, पलीकडे कुणब्यांचं गाव, आणि आजूबाजूला दोघांची सोयाबीन-कापसाची वावरं. तांड्यात दिवाळीला धबुकार होतो. चुलीतले निखारे बाहेर काढायचे, त्यांवर तूप आणि गुळाची लापशी सोडायची, आणि घराण्यातल्या गेलेल्या माणसांची नावं एकेक करून घ्यायची. धूर वर गेला की पितर जेवले. नायकांना नावं तोंडपाठ होती. बाप फुलसिंग, आई रुपीबाई, आजा थावरा, आजी हंसाबाई, पणजा सोमला, त्याचा बाप हेमला. हेमलाच्या मागची नावं कोणालाच ठाऊक नव्हती. त्यांच्यासाठी नायक शेवटी ‘मारवाडातून आलेले सगळे’ असं म्हणून उरलेलं तूप सोडून देत. इतक्या वर्षांत वरून कोणाची तक्रार आली नव्हती.

या धबुकाराबद्दल फुलसिंगबापूंनी नायकांना लहानपणी एक गोष्ट सांगितली होती. तांड्यात दुसरं कोणी ती सांगत नाही. बापूंनी स्वतःच्याच मनानं रचलेली असावी. गोरमाटी, म्हणजे बंजारा माणसं, पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडायची. त्या बैलांच्या काफिल्याला लदेणी म्हणत. बापूंचं म्हणणं असं की माणूस मेला की आल्या वाटेनं माघारी निघतो. पुढे पितरांची लदेणी चाललेली असते आणि नवा मेलेला मागून एकटाच येत असतो. आपण निखाऱ्यावर नावं घेतली की पुढच्यांना हाक जाते. ते बैल थांबवतात आणि मागच्याला सोबत घेतात. म्हणून नावं मोठ्यानं घ्यायची आणि वाट चुकवायची नाही.

बिजलीबाई उभ्या जन्मात एकटी उमरखेडच्या बाजारालाही गेली नव्हती. शेवटी शेवटी तर गुडघ्यांनी इतका छळ मांडला होता की अंगण ओलांडायलाही तिला भिंतीचा आधार लागे. चैत्रापासून ती एकटी चालते आहे, हा विचार रोज दिवेलागणीला यायचा आणि नायकांचा घास तोंडातच फिरायचा. दिवाळी येऊ दे, आपण हाक मारू, लदेणी थांबेल, कोणीतरी तिला बैलावर बसवेल, या एका आशेवर म्हाताऱ्यानं उन्हाळा काढला, पावसाळा काढला. आता वसुबारस चार दिवसांवर आली होती.

आणि तेवढ्यात प्रेमनं तो व्हिडिओ लावला.

प्रेम हा नायकांचा नातू. पिकअप चालवतो, कापूस-सोयाबीन उमरखेडला पोचवतो, आणि गाडी उभी असली की मोबाइल बघतो. व्हिडिओत काळा चष्मा लावलेला एक माणूस होता आणि मागे ढोल वाजत होते. तो छातीठोकपणे सांगत होता की गोरमाटी मुळात मारवाडचे नाहीतच. ते शक. हिमालयाच्याही पलीकडे, गवताळ मैदानांत राहणारे, घोड्यावर जगणारे, गाडीवर तंबू घेऊन हिंडणारे लोक. त्यांच्या अंगरख्यांवर सोन्याच्या पत्र्या शिवलेल्या असत. आपल्या बायकांच्या कांचळीवर आरसे शिवलेले असतात. मग आणखी पुरावा कशाला हवा, असं तो माणूस विचारत होता.

प्रेमची छाती दोन बोटं फुगली. घरातलं बोलणं गोरबोलीतच चालतं, पण वाचणाऱ्याची पंचाईत नको म्हणून ते इथं गावच्या बोलीत देतो. प्रेम म्हणाला, “दादा, आपण राजे होतो.” दादा म्हणजे आजोबा.

नायकांना राजेपणाचं काही वाटलं नाही. त्यांनी एकच विचारलं, “तिकडं थंडी किती रायते?”

“बर्फ रायते, दादा. सा-सा महिने.”

नायकांनी ताट बाजूला सारलं. बिजलीबाईला थंडी सोसत नसे. पौषात ती दोन गोधड्या पांघरून चुलीला चिकटून बसायची आणि कोणी दार उघडं टाकलं की त्याच्या सात पिढ्या उद्धरायची. तिला नेताना अंगावर फक्त एक शाल घातली होती, तीही चैत्रातली म्हणून पातळ. मारवाड काय, वाळूचा उष्ण मुलूख, तिथवर ती शालीत गेली असती. पण वाट मारवाडात संपत नसेल आणि पुढे डोंगर ओलांडून बर्फात जात असेल, तर? आणि पितरांची लदेणी तितक्या लांब गेली असेल, तर मोहदरीच्या अंगणातून मारलेली हाक तिथं पोचणार कशी? खरं सांगायचं तर नायक घाबरले.

सकाळी ते नाला ओलांडून वामनरावांकडे गेले. वामनराव हे त्यांचे शाळेपासूनचे मित्र, गावातले मोठे कास्तकार आणि त्याहून मोठे वाचणारे. दर गुढीपाडव्याला मारुतीच्या पारावर त्यांचं भाषण ठरलेलं असे. शालिवाहन राजानं मातीचे घोडे आणि मातीचे शिपाई केले, त्यांवर पाणी शिंपडून जीव ओतला आणि शकांची दाणादाण उडवली. म्हणून आपण गुढी उभारतो. भाषण दरवर्षी तेच असायचं आणि लोक दरवर्षी टाळ्या वाजवायचे. नायकही पहिल्या रांगेत बसून वाजवायचे.

वामनराव ओसरीवर कापसाच्या ढिगाजवळ बसले होते. नायकांनी व्हिडिओची सगळी हकीकत सांगितली. ऐकता ऐकता वामनराव बोलून गेले, “शक? त्याईले तं आमच्या शालिवाहनानं ठोकून काढलं होतं.” आणि मग समोर कोण बसलं आहे हे ध्यानात येऊन त्यांनी जीभ चावली.

नायकांनी मनावर घेतलं नाही. पण भिंतीवर पंचांग लटकत होतं आणि त्यावर ठळक अक्षरांत शालिवाहन शके छापलेलं होतं. ते त्याच्याकडे बघत राहिले.

“वामन, ते हारले ना?”

“हारले म्हणजे काय, पळाले.”

“मंग वर्साले त्याईचं नाव काहून?”

वामनरावांनीही पंचांगाकडे वळून पाहिलं. इतक्या पाडव्यांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता आणि त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता. आतून चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी तानाबाई म्हणाल्या की ज्याला हाकललं त्याचं नाव आपण घरातल्या भिंतीवर टांगत नसतो. शेवटी वामनरावांनी जन्मात पहिल्यांदा कबूल केलं की विचार करून सांगावं लागेल. नायक आले होते एक कोडं घेऊन आणि परतले दोन घेऊन. जाता जाता तानाबाईंनी त्यांना थांबवून विचारलं की भाऊजी, बर्फाचं काय म्हणत होता? नायकांनी सांगितलं. तानाबाईंनी पदर डोळ्यांना लावला, कारण बिजलीबाई त्यांचीही मैत्रीण होती आणि तिचं थंडीचं प्रकरण त्यांना ठाऊक होतं.

वसुबारसेला नायक एसटीनं उमरखेडला गेले. बाजारात धनगराकडे काळ्या लोकरीच्या घोंगड्या होत्या. त्यांनी सगळ्यांत जाड घोंगडी निवडली, अंगाभोवती लपेटून पाहिली, पुन्हा घडी करून हातात वजन घेतलं. धनगरानं विचारलं, कोणासाठी? नायक म्हणाले, बायकोसाठी, लांब जायचं आहे तिला. धनगरानं चांगली एक सुतळी बांधून दिली आणि बाई सुखरूप पोचोत असं म्हणाला. परतीच्या गाडीत नायक घोंगडी मांडीवर घेऊन बसले होते. धबुकाराच्या निखाऱ्यावर ती ठेवायची, म्हणजे जसं तूप पोचतं तशी तीही पोचेल, असा त्यांचा बेत होता. असं पूर्वी कोणी केलं होतं का, तर नाही. पण पूर्वी पितर बर्फात जातात हेही कोणाला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नात आली, उज्ज्वला. ती प्रेमची मोठी बहीण, पुसदला ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवते. तिला वाढवलं बिजलीबाईनंच, त्यामुळे घरात पाऊल टाकल्यावर तिची नजर आधी चुलीजवळच्या रिकाम्या पाटाकडे गेली आणि मग त्या पाटावर ठेवलेल्या नव्या कोऱ्या घोंगडीकडे. नायकांनी तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही, आणि नायकांना त्याचं फार बरं वाटलं. प्रेमकडे मात्र तिनं असं पाहिलं की तो गाडी धुवायला निघून गेला.

संध्याकाळी ती अंगणात बसून सांगायला लागली. वामनरावही येऊन बसले होते, कारण पंचांगाचं कोडं त्यांना झोपू देत नव्हतं. शक खरोखर होते, ती म्हणाली. उत्तरेच्या गवताळ मैदानात घोडे आणि मेंढ्या घेऊन हिंडायचे. इराणच्या राजानं डोंगराच्या कड्यावर कोरून घेतलेल्या चित्रात टोकदार टोपी घातलेला त्यांचा एक सरदार आजही दिसतो. मग त्यांना मागून दुसऱ्या टोळ्यांनी ढकललं. ढकललेले पुढच्याला ढकलत खाली सरकले. एका मुलखात इतके दिवस राहिले की त्या मुलखाचं नावच शकस्तान पडलं. तिथून सिंधमध्ये, सिंधमधून गुजरातेत, उज्जैनला, आपल्या नाशकापर्यंत. त्यांचे राजे हळूहळू इथलीच नावं ठेवायला लागले, इथल्याच देवांना दानं द्यायला लागले, त्यांच्यातल्या एकानं तर गिरनारच्या खडकावर अस्सल संस्कृतात लेख कोरला.

“अन् आमच्या सातवाहनानं त्याईले हाकललं,” वामनराव आशेनं म्हणाले.

उज्ज्वला म्हणाली, एकदा हाकललं, हे खरं. पण पुढच्या शकानं सातवाहनाला दोनदा हरवलं आणि दोन्ही वेळा सोडून दिलं, कारण दोघांत जवळचं नातं होतं. त्या खडकावर तसंच लिहिलं आहे. शकांची लेक सातवाहनांच्या घरात दिली होती, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

“म्हणजे सोयरे?”

“सोयरे. अन् तुमच्या पंचांगातलं साल शकांनीच इतकी वर्षं वापरलं की त्यांचं नाव त्याला चिकटलं. सुरू कोणी केलं यावरही वाद आहेत. शालिवाहनाचं नाव त्यात हजारेक वर्षांनी जोडलं गेलं, वामनआबा.”

मातीचे घोडे, मातीचे शिपाई, सगळं वामनरावांच्या तोंडावर विरघळताना दिसत होतं. मारुतीच्या पारावर पुढच्या पाडव्याला काय बोलायचं, ही चिंता आता त्यांची होती. नायकांना त्यांची दया आली, पण त्यांचं स्वतःचं अजून सुटलं नव्हतं.

“ते सगळं असो,” नायक म्हणाले. “शेवटी त्याईचं काय झालं?”

“राज्य बुडालं.”

“माणसं?”

“माणसं इथंच राहिली, दादा. कोणात कोणात मिसळून गेली.”

“कोणात?”

“ते नाही सांगता येत.”

“आमच्यात का याईच्यात?” नायकांनी वामनरावांकडे बोट केलं.

“दोघांतही असतील. एकातही नसतील. त्या चष्मेवाल्याला काही माहीत नाही, आणि खरं सांगू, मलाही माहीत नाही.”

नायकांना आता राग आला. इतकं शिकवून काय उपयोग, पोरगी प्रत्येक वळणावर माहीत नाही म्हणते. त्यांना राज्य नको होतं, साल नको होतं. त्यांना फक्त एवढं हवं होतं की हेमलाच्या मागे कुठल्या दिशेला तोंड करून हाक मारायची. तेवढं सांगणारा माणूस अख्ख्या उमरखेड तालुक्यात नसावा, याचं त्यांना रडू आलं. ते तसं बोलूनही गेले. म्हणाले, “मले इतिहास नको, उज्ज्वला. तुही दादी एकटी चालून राह्यली. तिले कोणीकडं पाठवू, तेवढं सांग.”

वामनराव उठून न सांगता घरी गेले. उज्ज्वलाच्या डोळ्यांत पाणी होतं. ती आजोबांच्या जवळ सरकली.

“दादा, तुम्ही सगळी नावं तुमच्या घराण्याची घेता. पण हंसाबाई कुठून आल्या होत्या? रुपीबाई कुठून आल्या? त्यांची माहेरं तर वेगळीच ना?”

नायक म्हणाले, वेगळीच असणार. आपण राठोड, राठोडाच्या घरात राठोडाची लेक कशी येईल?

“मग प्रत्येक बाई दुसऱ्याच वाटेनं आलेली आहे. त्यांच्या आयाही दुसऱ्या वाटेनं. मागे गेलं की वाटा वाढतच जातात, एकीकडे मिळत नाहीत.” आणि मग तिनं साधंच विचारलं, “दादी कोणत्या वाटेनं आली होती?”

हे नायकांच्या ध्यानातच आलं नव्हतं. बापू सांगायचे, माणूस आल्या वाटेनं माघारी जातो. हेमला आला असेल मारवाडातून, नाहीतर बर्फातून. पण बिजलीबाई आली होती दिग्रसच्या बाजूच्या एका तांड्यातून, पवारांच्या घरातून, आणि ती वाट नायकांना पायाखालची ठाऊक होती. ते स्वतः बरोबर होते.

त्यांना ती वाट आठवली तसे ते सांगत गेले. निरोपाच्या वेळी रीतीप्रमाणे ती बैलाच्या पाठीवर उभी राहून बापाच्या तांड्यासाठी गाणं म्हणत रडली होती. इतकी रडली की वऱ्हाडातल्या म्हाताऱ्याही रडल्या. मग चालणं सुरू झालं. दोन दिवस चालून मोहदरीचा नाला दिसायला लागला तेव्हा तिच्या पायात काटा मोडला. नाल्याच्या काठी मोहाचं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी एक रुंद दगड आहे. त्या दगडावर ती जी बसली ती उठेचना. वऱ्हाड पुढे निघून गेलं. नवरा-नवरी मागे राहिले, आणि तोवर दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलले नव्हते. तिनं पहिला शब्द काढला तो असा, की आणखी किती आहे ते खरं सांगा, खोटं सांगितलंत तर मी इथून हलणार नाही.

“मग तुम्ही काय सांगितलं?” उज्ज्वलानं विचारलं.

“वाट तं थोडीच उरली होती, पण काटा किती खोल हाय, मले कुठं माहीत होतं. मी म्हटलं, तू बस. तुले वाटंल तवा उठू.” नायक थोडे हसले. “दिवा लागल्यावर घरी आलो. माय लय बोलली.”

नंतर ते उठून आत गेले आणि त्या दिवशी शकांचं नाव पुन्हा निघालं नाही. पण गोंधळ गेला होता असं समजू नये. उलट तो वाढला होता. एकीकडे बापूंची लदेणी, एकीकडे दिग्रसची वाट, एकीकडे ते टोपीवाले लोक, आणि या सगळ्यांच्या मधे कुठंतरी दुखऱ्या गुडघ्यांची एक म्हातारी. घोंगडी पाटावर तशीच होती.

धबुकाराच्या सकाळी घरातले सगळे चुलीभोवती जमले. मुलगा सेवादास यानं निखारे काढून अंगणात रचले. सुनेनं तुपाची वाटी आणि लापशीचं ताट आणून ठेवलं. नायकांनी नवं धोतर नेसलं होतं, डोक्याला पागोटं होतं. प्रेम घोंगडी हातात धरून उभा होता, कारण नायकांनी त्याला तसं बजावून ठेवलं होतं, आणि आपण सुरू केलेल्या प्रकरणाचं पुढे काय होतंय या भीतीनं तो सारखा बहिणीकडे बघत होता.

नायकांनी पहिली पळी सोडली. हेमला. तूप चरचरलं, धूर निघाला. सोमला. थावरा, हंसाबाई. फुलसिंग, रुपीबाई. आवाज खणखणीत होता. आता एकच नाव उरलं होतं. ते घ्यायचं आणि लदेणीला हाक मारायची, थांबा, आमचं माणूस येतंय.

नायकांनी पळी तुपात बुडवली आणि तशीच धरून ठेवली.

सेवादासनं थोडा वेळ वाट पाहिली आणि मग हळूच म्हटलं की बापू, निखारे विझतात. नायकांनी मान हलवली. ते उत्तरेकडे वळले, मग पश्चिमेकडे वळले, मग पुन्हा निखाऱ्याकडे बघायला लागले. हा माणूस तांड्याचे तंटे तोडतो, लग्नं जुळवतो, पंचायतीत त्याच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. आणि आज बायकोला कुठं धाडावं हे त्याला कळत नव्हतं. सगळ्यांसमोर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

मग ते एकदम खाली बसले, निखाऱ्याच्या अगदी जवळ, आणि शेजारच्या माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाले, “बिजली, कोणाच्या मागं जाऊ नको. पुढची वाट मले माहीत नाई, अन् कोणालेच माहीत नाई. तू मोहाखाली बस. तुहे गुडघे दुखत असतील. मी येतो मंग आपण दोघं उठू.”

आणि उरलेलं सगळं तूप त्यांनी एकदम सोडलं. निखाऱ्यांनी भडका घेतला. सून मागे सरकली. ‘मारवाडातून आलेले सगळे’ हे शब्द यंदा कोणी म्हटले नाहीत, आणि ते राहिले हे संध्याकाळी सेवादासच्या ध्यानात आलं.

प्रेम घोंगडी घेऊन पुढे झाला. ती आता निखाऱ्यावर ठेवायची, एवढंच त्याला माहीत होतं. नायकांनी त्याच्या हातातून ती काढून घेतली, सुतळी सोडली, घोंगडी खांद्यावर टाकली आणि चपला घालून निघाले. उज्ज्वला मागे जायला लागली, पण चार पावलांवर थांबली.

नाल्यावर ऊन कोवळं होतं. मोहाखालचा दगड दवानं ओला झाला होता. नायकांनी तो पागोट्याच्या शेवानं पुसला, घोंगडी दुहेरी करून त्यावर अंथरली आणि एका कडेला बसले. पाणी वाहत होतं. पलीकडच्या वावरात बायका कापूस वेचत होत्या. नायकांना बरं वाटत होतं की वाईट, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. ती इथवर आली असेल की अजून यायची असेल, हाक ऐकली असेल की नाही, काहीच कळायला मार्ग नव्हता. पण एवढं होतं की बर्फ नव्हता.

थोड्या वेळानं पलीकडून वामनराव येताना दिसले. तानाबाईंनी दिलेला फराळाचा डबा त्यांच्या हातात होता. दगडादगडावर पाय देत ते नाला ओलांडून आले, डबा खाली ठेवला आणि धापा टाकत म्हणाले की रात्रभर विचार केला, त्या पंचांगाचं काही केल्या डोक्यात शिरत नाही, जिंकणारा कोण, हरणारा कोण, वर्ष कोणाचं. पाडव्याला त्या पोरीलाच पारावर उभं करावं म्हणतो. नायकांनी नुसती मान हलवली. वामनरावांनी धोतर सावरलं आणि ते घोंगडीच्या रिकाम्या बाजूला टेकायला लागले.

नायकांनी त्यांचा हात धरला.

“तिकडं नको, वामन,” ते म्हणाले, आणि स्वतः थोडे सरकून त्यांनी मित्राला आपल्या दुसऱ्या बाजूला, दगडाच्या टोकाशी, जागा करून दिली.